डोळे, उपचार आणि उपचारानंतरचं जगणं: इंदूरच्या मराठी घरांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदूरमधल्या मराठी घरांतून डोळ्यांविषयी जे प्रश्न आमच्याकडे सतत येतात, ते इथे एकत्र केले आहेत. विचारणारे बहुतेक मुलगे, मुली आणि सुना असतात. ज्यांचे डोळे, ती माणसं स्वतः क्वचितच विचारतात. आम्ही डॉक्टर नाही. ज्येष्ठांना तपासणीला नेणं, दृष्टिहीन विद्यार्थ्यांना वाचून दाखवणं, प्रमाणपत्राचे कागद भरायला मदत करणं, हे आमचं काम. उपचार काय करायचे ते नेत्रतज्ज्ञच ठरवतील.

एक गोष्ट मात्र प्रश्नांच्या आधीच सांगतो. अचानक दिसेनासं झालं, डोळा लाल होऊन असह्य दुखू लागला, डोळ्यात विजा चमकायला लागल्या किंवा एका बाजूने काळा पडदा सरकल्यासारखं वाटलं, तर पुढचं काही वाचत बसू नका. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठा.

1. मला काही त्रास नाही, चष्माही नाही. मग डोळे तपासायचे कशाला?

कारण काचबिंदू आणि मधुमेहाने डोळ्यामागच्या पडद्याला (रेटिनाला) होणारी इजा सुरुवातीला दुखत नाही, खुपत नाही आणि बऱ्याचदा दिसण्यातही फरक पाडत नाही. चाळिशीनंतर दर दोन वर्षांनी आणि साठीनंतर दरवर्षी तपासणी करावी. दुकानातल्या मशीनवर नंबर काढला म्हणजे तपासणी झाली असं होत नाही. डोळ्याचा दाब मोजला पाहिजे आणि थेंब घालून, बाहुली मोठी करून मागचा पडदा पाहिला पाहिजे. थेंबांनंतर काही तास अंधुक दिसतं, म्हणून स्कूटरवर एकटे जाऊ नका.

2. जवळचं वाचायला त्रास होतो. दुकानातला तयार चष्मा चालेल का?

दूरचं स्वच्छ दिसत असेल आणि दोन्ही डोळ्यांचा नंबर सारखा असेल, तर वाचनापुरता चालतो. त्याने डोळे बिघडत नाहीत. पण तो चष्मा घेतला की लोक डॉक्टरांकडे जातच नाहीत आणि प्रश्न 1 मधले आजार तसेच राहतात. चाळिशी लागणं हे पहिल्या पूर्ण तपासणीचं निमित्त समजा.

3. आईला मोतीबिंदू आहे, पण अजून ‘पिकला’ नाही. थांबायचं का?

नाही. पिकायची वाट पाहणं ही जुन्या पद्धतीच्या शस्त्रक्रियेच्या काळातली गोष्ट आहे. आता गढूळ झालेलं भिंग बारीक छेदातून काढून त्या जागी कृत्रिम भिंग बसवतात, आणि मोतीबिंदू मऊ असताना हे काम सोपं जातं. फार पिकलेला मोतीबिंदू कडक होतो, कधी फुगून डोळ्याचा दाब वाढवतो आणि शस्त्रक्रियेतली जोखीमही वाढते.

मग करायचं कधी? आईची रोजची कामं अडायला लागली की. भाजी निवडताना खडा दिसत नाही, जिना उतरताना शेवटची पायरी चुकते, समोरून येणाऱ्या गाड्यांचे दिवे डोळ्यांत पसरतात, अशा गोष्टी ती तक्रार म्हणून सांगणार नाही. तुम्हीच लक्ष ठेवा. ‘आता मला या वयात काय बघायचंय’ हे वाक्य आम्ही पुष्कळ घरांत ऐकतो आणि दर वेळी वाईट वाटतं. अंधुक दिसण्यामुळे माणूस पडतो, मांडीचं हाड मोडतं, अंथरुणाला खिळतो. 2015 ते 2019 या काळात झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशीपुढच्या लोकांमधल्या अंधत्वाचं सर्वांत मोठं कारण उपचार न झालेला मोतीबिंदू हेच होतं: 66.2 टक्के. म्हणजे तिघांपैकी दोघांचं अंधत्व अशा आजारामुळे, ज्याच्यावर हमखास इलाज आहे.

4. शिबिरात ऑपरेशन करून घ्यावं का? आम्हाला भीती वाटते.

भीती निराधार नाही. 2019 च्या ऑगस्टमध्ये आपल्याच शहरात मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांनंतर जंतुसंसर्ग होऊन काही रुग्णांची दृष्टी गेली होती. इंदूरकर ते विसरलेले नाहीत. पण त्यावरून ‘फुकट म्हणजे धोक्याचं’ असा निष्कर्ष काढू नका. संसर्ग कुठेही होऊ शकतो. तो टळतो निर्जंतुकीकरणाच्या शिस्तीने, बिलाच्या आकड्याने नव्हे.

शिबिर म्हणजे फक्त तपासणी आणि निवड, एवढंच असायला हवं. शस्त्रक्रिया रुग्णालयाच्या शस्त्रक्रियागृहातच व्हायला हवी. शाळेत किंवा धर्मशाळेत टेबल मांडून शस्त्रक्रिया करण्याची पद्धत शासनाच्या अंधत्व नियंत्रण कार्यक्रमाने बंद केली आहे. जाण्याआधी विचारा: शस्त्रक्रिया कुठे होणार, दुसऱ्या दिवशी आणि आठवड्याने तपासणार कोण, रात्री डोळा दुखला तर फोन कुणाला करायचा. उत्तरं मिळाली नाहीत तर दुसरीकडे चला. शस्त्रक्रियेनंतरच्या दिवसांत दुखणं वाढलं, लाली वाढली किंवा दिसणं कमी झालं तर सकाळची वाट पाहू नका, तेव्हाच निघा.

5. कोणती लेन्स बसवू? हॉस्पिटलने तीन-चार दर सांगितले आहेत.

साधी एककेंद्री लेन्स दूरचं छान दाखवते आणि वाचायला चष्मा लागतो. बहुतेकांना ती पुरते. महागडी बहुकेंद्री लेन्स चष्म्यावरचं अवलंबन कमी करते, पण काहींना रात्री दिव्यांभोवती वलयं दिसतात. पडदा किंवा डोळ्याची नस आधीच कमजोर असेल तर ती बहुधा योग्य ठरत नाही. भारतात बनणाऱ्या लेन्स स्वस्त आहेत म्हणून दुय्यम समजू नका. मदुराईची ऑरोलॅब 1992 पासून लेन्स बनवते आणि त्या अनेक देशांत जातात.

पैशांची अडचण असेल तर आयुष्मान कार्ड पाहा. 29 ऑक्टोबर 2024 पासून सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असलं तरी, हे कार्ड मिळतं. त्या रुग्णालयात मोतीबिंदूची शस्त्रक्रिया कार्डावर होते का, हे भरती होण्याआधी विचारा. एम. वाय. रुग्णालयाचा सरकारी नेत्रविभाग आहेच, आणि शहरातल्या धर्मादाय नेत्र रुग्णालयांतही सवलतीत किंवा मोफत शस्त्रक्रिया होतात.

6. ऑपरेशन होऊन दोन वर्षं झाली, पुन्हा धूसर दिसतं. मोतीबिंदू परत आला का?

तो परत येत नाही. लेन्स ज्या पातळ पिशवीत बसवलेली असते ती पिशवीच मागून धुरकट होते. लेसरने काही मिनिटांत ती साफ करतात, भरती व्हावं लागत नाही. मात्र धूसरपणाचं कारण तेच आहे की पडद्याचं काही आहे, हे तपासल्याशिवाय ठरवू नका.

7. बाबांना काचबिंदू होता. मला होईल का? आणि थेंब आयुष्यभर घालायचे?

आई, वडील, सख्खे भाऊ-बहीण यांपैकी कुणाला काचबिंदू असेल तर तुम्हाला तो होण्याची शक्यता इतरांपेक्षा बरीच जास्त असते. चाळिशीची वाट न पाहता तपासणी सुरू करा. बहुतेक प्रकारांत नजर कडेकडेने कमी होत जाते आणि मधलं शेवटपर्यंत दिसत राहतं, म्हणून माणसाला पत्ताच लागत नाही. गेलेली नजर परत येत नाही. उरलेली टिकवण्यासाठीच थेंब, आणि हो, ते आयुष्यभर. थेंबांनी काही ‘सुधारणा’ जाणवत नाही म्हणून सोडून देणारे फार आहेत. मोतीबिंदू आणि काचबिंदू यांची गल्लत तर घरोघरी होते. पहिल्यात गेलेलं शस्त्रक्रियेने परत मिळतं, दुसऱ्यात मिळत नाही.

8. शुगर ताब्यात आहे. तरी पडदा दाखवायचा?

हो, वर्षातून एकदा. मोठ्या वयात मधुमेह निघाला असेल तर निदान झालं त्याच वर्षी पहिली तपासणी करा, कारण साखर त्याआधी कित्येक वर्षं वाढलेली असू शकते. वेळेत कळलं तर लेसर किंवा डोळ्यातल्या इंजेक्शनांनी नजर वाचवता येते. इंजेक्शनचं नाव ऐकूनच लोक घाबरतात. डोळा बधिर करून ते देतात.

9. मुलीला चष्मा लावला तर नंबर वाढेल, शिवाय पुढे लग्नाचं… थांबलो तर?

थांबू नका. चष्म्याने नंबर वाढत नाही, तो वयाबरोबर आणि डोळ्याच्या वाढीबरोबर वाढतो. उलट लहानपणी एका डोळ्याला मोठा नंबर असून चष्मा दिला नाही, तर मेंदू त्या डोळ्याकडून पाहणं शिकतच नाही. तो आळशी डोळा सात-आठ वर्षांच्या आत सुधारणं सोपं, नंतर कठीण. म्हणून शाळेत घालण्याआधी एकदा तपासणी हवीच. तिरळेपणाला ‘नशीबवान’ म्हणून सोडू नका. आणि फोटोत बाळाची बाहुली पांढरी चमकली तर त्याच आठवड्यात दाखवा, ते डोळ्याच्या कर्करोगाचंही लक्षण असू शकतं.

लग्नाच्या काळजीबद्दल: नंबर स्थिर झाला की अठरानंतर लेसरचा विचार करता येतो. पण फळ्यावरचं न दिसल्याने वाया गेलेलं शाळेचं वर्ष कुणी परत देत नाही.

10. बाळ आठव्या महिन्यात झालं, वजन कमी होतं. आता ठणठणीत आहे. डोळे दाखवायचे?

चौतीस आठवड्यांच्या आत किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाचं बाळ असेल तर जन्मापासून तीस दिवसांच्या आत पडदा तपासलाच पाहिजे. अगदी लवकर जन्मलेल्या बाळांचा त्याहूनही आधी. पडद्यावरच्या रक्तवाहिन्या नीट वाढल्या नसतील तर बाळ कायमचं आंधळं होऊ शकतं, आणि उपचाराची खिडकी काही दिवसांचीच असते. घरी सव्वा महिना बाहेर न नेण्याचा रिवाज असेल तर या एका तपासणीसाठी तो बाजूला ठेवा. आजींना समजावून सांगितलं तर त्या ऐकतात, असाच आमचा अनुभव आहे.

11. डोळ्यात काही गेलं तर आधी काय करायचं? मेडिकलवरून थेंब आणू का?

आधी पाणी. चुना, ॲसिड, फिनाइल, रंग, काहीही रसायन गेलं की स्वच्छ पाण्याच्या धारेखाली पंधरा ते तीस मिनिटं डोळा धुवा, मग दवाखान्याकडे निघा. पानाच्या चुन्याची प्लास्टिकची पुडी दाबताना फुटून लहान मुलांच्या डोळ्यात जाते. चुना बुबुळ जाळत आत उतरतो. ती पुडी पोरांच्या हाती लागू देऊ नका. रंगपंचमीच्या गेरीला (रंगाच्या मिरवणुकीला) राजवाड्यावर जाणार असाल तर साधा गॉगल घाला, कॉन्टॅक्ट लेन्स घालू नका.

सोयाबीन-गव्हाच्या काढणीत डोळ्यात कुसळ किंवा भूस जातं, त्याची गोष्ट वेगळी. मालव्यातल्या खेड्यांतून येणाऱ्या बुबुळाच्या जखमांमागे बऱ्याचदा हेच असतं. अशा जखमेत बुरशी वाढते, आणि मेडिकलवाल्याने दिलेल्या थेंबात स्टेरॉइड असेल तर एक-दोन दिवस बरं वाटून जखम आणखी खोल जाते. मध, गुलाबजल, आईचं दूध, काहीही घालू नका.

2025 च्या दिवाळीत मध्य प्रदेशात कार्बाइड गनने शंभराहून अधिक मुलांच्या डोळ्यांना इजा झाली. पाइपात कार्बाइड आणि पाण्याचा गॅस तयार होतो, बार उडत नाही म्हणून मूल आत डोकावतं आणि त्याच क्षणी तो उडतो. हे खेळणं नव्हे. घरात दिसलं तर काढून घ्या, मूल कितीही रुसलं तरी.

12. आजोबांची नेत्रदानाची इच्छा होती, पण फॉर्म भरलेला नाही. आता करता येईल?

येईल. फॉर्मपेक्षा जवळच्या नातेवाइकांची संमती महत्त्वाची. उलटही खरं: फॉर्म भरला असला तरी घरच्यांनी नाही म्हटलं तर दान होत नाही, म्हणून इच्छा घरात बोलून ठेवा.

मृत्यूनंतर सहा तासांच्या आत बुबुळ काढलं जावं लागतं, म्हणून नेत्रपेढीला लगेच कळवा. 1919 या क्रमांकावर फोन करा किंवा इंदूरच्या एम. के. इंटरनॅशनल नेत्रपेढीला सांगा. पथक घरी येतं, वीसेक मिनिटं लागतात, पैसे लागत नाहीत. ते येईपर्यंत पापण्या मिटून ओला कापूस ठेवा, डोक्याखाली उशी द्या, पंखा बंद करा. चेहरा विद्रूप होत नाही. वय, चष्मा, मधुमेह, रक्तदाब, झालेली मोतीबिंदूची शस्त्रक्रिया, यातलं काहीही आड येत नाही. एचआयव्ही, कावीळ ‘बी’ किंवा ‘सी’, रेबीज, रक्तातला जंतुसंसर्ग, रक्ताचा कर्करोग असेल तर मात्र दान घेत नाहीत.

13. मग माझ्या भावाला नेत्रदानातून डोळा मिळेल का? त्याचा पडदा खराब आहे.

दुर्दैवाने नाही. पूर्ण डोळा बसवता येत नाही. दानातून मिळतं ते बुबुळावरचं पारदर्शक पटल, घड्याळाची काच असते तसं. ज्यांची फक्त काच गढूळ झाली आहे त्यांनाच उपयोग होतो. पडदा किंवा नस गेली असेल तर काच बदलून घड्याळ चालू होत नाही. भावासाठी पुढचा प्रश्न वाचा.

14. डॉक्टर म्हणाले, ‘आता काही होण्यासारखं नाही.’ आता?

हे पान लिहिण्यामागचं खरं कारण हा प्रश्न आहे. ते वाक्य ऐकून कुटुंब घरी येतं आणि माणसाला खुर्चीत बसवतं. चहा हातात, ताट समोर, काठी कोपऱ्यात. प्रेमापोटीच करतात सगळे. वर्षभरात तो माणूस एकटा बाथरूमलाही जाईनासा होतो. डॉक्टरांच्या वाक्याचा अर्थ एवढाच असतो की औषधाने किंवा शस्त्रक्रियेने नजर वाढणार नाही. तिथून पुढे दुसरं काम सुरू होतं आणि ते बहुतेक ठिकाणी कुणी सांगतच नाही.

पहिलं काम, उरलेली नजर मोजून घेणं. कायद्याने ‘अंध’ ठरलेल्या बहुतेकांना थोडं तरी दिसतं. मोठ्या नेत्र रुग्णालयांत अल्पदृष्टी विभाग असतो. तिथे भिंगं, दुर्बिणीसारखे चष्मे आणि अक्षरं मोठी करून दाखवणारी साधनं वापरून पाहता येतात. घरात फुकट होण्यासारखंही पुष्कळ आहे. पायऱ्यांच्या कडेला पिवळी पट्टी, पांढऱ्या ओट्यावर गडद रंगाची ताटली, वाचताना खांद्यामागून येणारा उजेड, आणि वस्तू जिथल्या तिथे. हे शेवटचं घरच्यांना सगळ्यांत जड जातं.

दुसरं काम, पांढरी काठी आणि ती वापरण्याचं प्रशिक्षण. काठी नुसती हातात देऊन भागत नाही. कमान कशी फिरवायची, पायरी कशी ओळखायची, आवाजावरून रस्ता कसा पार करायचा हे शिकावं लागतं. काठी घेतली तर ‘लोकांना कळेल’ ही लाज आम्ही सुशिक्षित घरांतच जास्त पाहिली. लोकांना कळावं म्हणूनच ती पांढरी असते. आयआयटी दिल्लीत तयार झालेली स्मार्टकेन छातीच्या उंचीवरचे अडथळेही कंपनाने सांगते. केंद्राच्या एडिप योजनेतून उत्पन्नाच्या मर्यादेत बसणाऱ्यांना साधनं मिळतात.

तिसरं काम प्रमाणपत्राचं (प्रश्न 16) आणि चौथं फोनचं (प्रश्न 20). या चारही गोष्टी पहिल्या काही महिन्यांत सुरू करा. खुर्चीची सवय लागली की उठवणं फार अवघड जातं.

15. आजींची नजर जवळजवळ गेली आहे. त्यांना खोलीत मुलं, फुलं, कधी अनोळखी माणसं दिसतात. वेड लागलं का?

बहुधा नाही. नजर गेली की डोळ्याकडून येणारी चित्रं थांबतात, आणि काही जणांचा मेंदू ती रिकामी जागा स्वतःच्या चित्रांनी भरतो. स्वित्झर्लंडच्या शार्ल बॉने यांनी अठराव्या शतकात आपल्या आजोबांबद्दल हे लिहून ठेवलं, म्हणून याला शार्ल बॉने सिंड्रोम म्हणतात. चित्रं दिसतात पण बोलत नाहीत, आणि ती खरी नाहीत हे त्या माणसाला सहसा ठाऊक असतं. वेडं ठरवतील या भीतीने म्हातारी माणसं हे लपवतात. आजींना सांगा की हे नजरेमुळे होतं, एवढ्यानेच त्यांचा जीव हलका होतो. आवाजही ऐकू येत असतील किंवा गोंधळ वाढत असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवा.

16. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र कुणाला मिळतं आणि कसं?

दिव्यांगजन अधिकार कायदा 2016 नुसार, चांगल्या डोळ्याने, सर्वोत्तम चष्मा लावूनही 3/60 पेक्षा कमी (इतरांना 60 मीटरवरून दिसतं ते 3 मीटरवरूनही न दिसणं) दिसत असेल किंवा नजरेचा घेर 10 अंशांहून कमी असेल तर ‘अंधत्व’. त्याहून जास्त, पण 6/18 च्या पलीकडे जात नसेल, किंवा घेर 40 अंशांहून कमी असेल तर ‘अल्पदृष्टी’. बहुतेक सवलती 40 टक्क्यांपासून सुरू होतात. काचबिंदूच्या रुग्णांनी घेराची तपासणी जरूर मागावी. समोरचा तक्ता त्यांना वाचता येतो आणि तेवढ्यावरून टक्केवारी चुकीची कमी लागते.

अर्ज स्वावलंबन पोर्टलवर करायचा, मग सरकारी वैद्यकीय मंडळापुढे तपासणी, आणि त्यानंतर यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, येतं. ते देशभर चालतं, म्हणून पुण्याला किंवा नागपूरला स्थलांतर झालं तरी नवं काढावं लागत नाही. बऱ्या होणाऱ्या मोतीबिंदूवर प्रमाणपत्र मागू नका, आधी शस्त्रक्रिया करा.

17. माझा एक डोळा पूर्ण गेला आहे, दुसरा छान आहे. मला आरक्षण मिळेल का?

नाही. चांगल्या डोळ्यावरून मोजतात, म्हणून अशा स्थितीत 30 टक्के लागतात आणि पांढऱ्या रंगाचं कार्ड मिळतं. 40 ते 79 टक्क्यांना पिवळं आणि 80 पासून पुढे निळं. अनेकांना हे अन्यायाचं वाटतं, पण नियम असा आहे. पैसे घेऊन टक्केवारी वाढवून देतो म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नका. उरलेल्या डोळ्याला मात्र जपा: काम करताना न फुटणारा चष्मा आणि दरवर्षी तपासणी.

18. अल्पदृष्टीचं 60 टक्क्यांचं प्रमाणपत्र आहे, तरी रेल्वेने सवलत नाकारली. असं का?

रेल्वेची दृष्टिदोषासाठीची सवलत फक्त संपूर्ण दृष्टिहीन व्यक्तींना आहे. त्यांना स्लीपर, थर्ड एसी वगैरे वर्गांत 75 टक्के आणि फर्स्ट व सेकंड एसीत 50 टक्के सूट मिळते, सोबत्यालाही तेवढीच. रेल्वेचं ओळखपत्र वेगळं काढावं लागतं. इंदूर रेल्वेच्या रतलाम मंडळात येतं, म्हणून ते त्या मंडळाकडून. आमच्या मते ही तरतूद बदलायला हवी. अल्पदृष्टीच्या माणसाला रात्रीच्या फलाटावर डब्याचा क्रमांक दिसत नाही, हे कुणीही एकदा स्टेशनवर उभं राहून पाहावं.

19. मुलगा जन्मतः दृष्टिहीन आहे. शाळा साधी की अंधशाळा? ब्रेल हिंदीतून शिकवतील, मग मराठीचं काय?

40 टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला 6 ते 18 वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा पालकांच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. साधी शाळा त्याला परत पाठवू शकत नाही. आमचं मत विचाराल तर सुरुवातीची वर्षं ब्रेल, काठी आणि स्वावलंबन पक्कं शिकवणाऱ्या शाळेत, नंतर सर्वांबरोबर. मुलींसाठी इंदूरमध्ये महेश दृष्टिहीन कल्याण संघाचं काम आहे.

मराठीची काळजी करू नका. 1951 पासून भारतीय भाषांसाठी एकच भारती ब्रेल आहे. ‘क’ हिंदीत जे टिंब, तेच मराठीत. हिंदी ब्रेल येणारा मुलगा मराठी मजकूर बोटांनी वाचू शकतो, आणि ‘ळ’ लाही त्यात स्वतंत्र खूण आहे. घरात मराठी बोलत राहा, बाकीचं त्याची बोटं शिकतील. मोबाइल वाचून दाखवतो म्हणून ब्रेल टाळू नका. ऐकून शुद्धलेखन येत नाही.

परीक्षेत लेखनिक मिळतो आणि तासाला किमान वीस मिनिटं जादा. अर्ज भरतानाच तसं नोंदवा, ऐन वेळी मागितलं तर केंद्रावर वाद होतात.

20. वडिलांना दिसत नाही, पण फोन, पैसे, बँक स्वतः सांभाळायचं आहे. जमेल?

जमेल. फोनवरचं सगळं वाचून दाखवणारं अँड्रॉइडमध्ये टॉकबॅक आणि आयफोनमध्ये व्हॉइसओव्हर आधीपासूनच असतं. सेटिंगमध्ये चालू करा आणि मराठी आवाज निवडा. पहिला आठवडा चिडचिडीचा जातो, सोबत बसा. संगणकासाठी असंच वाचून दाखवणारं एनव्हीडीए मोफत आहे. नोटा ओळखायला रिझर्व्ह बँकेचं ‘मणि’ हे ॲप 2020 पासून आहे, इंटरनेटशिवाय चालतं. हाताने ओळखायचं तर 100 च्या नोटेवर उठावाचा त्रिकोण आणि 500 वर वर्तुळ चाचपून बघा.

‘अंध व्यक्तीला चेकबुक किंवा एटीएम कार्ड देत नाही’ असं शाखेत सांगितलं तर ते चूक आहे. रिझर्व्ह बँकेने 2008 मध्येच चेकबुक, एटीएम, लॉकर, कर्ज, सगळं भेदभाव न करता देण्याचे आदेश दिले आहेत. लेखी नकार मागा, बहुतेक वेळा तिथेच काम होतं. केवायसीत डोळे मिचकावता येत नाहीत म्हणून अडवलं, तर एप्रिल 2025 मधला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल दाखवा. डिजिटल सेवा सर्वांना वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं त्यात म्हटलं आहे.

21. मला मराठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करून द्यायची आहेत. कॉपीराइटची अडचण येईल?

दृष्टिहीनांसाठी असेल आणि नफ्यासाठी नसेल तर नाही. 2012 च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात ही मुभा आली. दृष्टिहीनांना पुस्तकं खुली करणारा माराकेश करार मान्य करणाराही भारत हा जगातला पहिला देश, 2014 मध्ये. अट एकच: रेकॉर्डिंग त्यांच्यापर्यंतच राहावं. यूट्यूबवर सर्वांसाठी टाकलं की ही मुभा संपते. वाचायला सुरुवात करण्याआधी सुगम्य पुस्तकालय या दृष्टिहीनांसाठीच्या ऑनलाइन ग्रंथालयात ते पुस्तक आधीच आहे का ते पाहा. इंदुरी वळणाच्या मराठीची लाज बाळगू नका. आमच्या श्रोत्यांना ती आवडते.

22. दृष्टिहीन मुलगी वकिलीचं शिकते आहे. न्यायाधीश होता येईल?

हो, आणि हा बदल आपल्याच राज्यामुळे घडला. मध्य प्रदेशच्या न्यायिक सेवेच्या नियमांत दृष्टिहीनांना वगळणारा नियम होता. एका आईने सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं, त्याचीच याचिका झाली, आणि 3 मार्च 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो नियम रद्द केला. केवळ दिव्यांगत्वाच्या कारणावरून न्यायसेवेचा विचार नाकारता येणार नाही, असं न्यायालयाने म्हटलं. एरवी सरकारी नोकऱ्यांत 4 टक्के आरक्षण दिव्यांगांना आहे, त्यातला 1 टक्का अंध व अल्पदृष्टी व्यक्तींसाठी.

23. रस्त्यात दृष्टिहीन व्यक्ती दिसली तर मदत कशी करू?

आधी विचारा: ‘मदत हवी आहे का?’ हो म्हणाले तर त्यांचा दंड धरून ओढू नका, त्यांना तुमचं कोपर धरू द्या आणि अर्धं पाऊल पुढे चाला. पायरी आली की चढ की उतार ते सांगा. ‘तिकडे’ म्हणू नका, ‘उजवीकडे चार पावलं’ म्हणा. सोडून जाताना सांगून जा. सोबत कुणी असलं तरी त्यांच्याशीच बोला. आणि पदपथावरच्या त्या खडबडीत पिवळ्या फरशा शोभेच्या नाहीत. रेघा म्हणजे चला, ठिपके म्हणजे थांबा. त्यावर गाडी लावू नका.

24. आईच्या आधारवर ‘नाव, वडिलांचं नाव, आडनाव’ आहे, समग्रमध्ये (राज्य सरकारच्या कुटुंब-नोंदणीत) सासरचं नाव हिंदी पद्धतीने. पेन्शनचा अर्ज अडकला.

मराठी घरांत हे फार होतं. मधलं नाव कुठे वडिलांचं, कुठे नवऱ्याचं, आणि आडनावाचं स्पेलिंग तीन ठिकाणी तीन तऱ्हांचं. संगणकाच्या दृष्टीने त्या तीन वेगळ्या बायका ठरतात. आधी आधार ठीक करा, मग त्याप्रमाणे समग्र आयडीची ई-केवायसी महापालिकेच्या झोन कार्यालयात, आणि त्यानंतरच यूडीआयडीचा अर्ज. हा क्रम उलटा केला तर सगळं पुन्हा करावं लागतं. बँकेच्या पासबुकावरचं नावही त्याच दिवशी तपासून घ्या, आणि आईला सोबत न्या. बोटांचे ठसे उमटत नसतील तर चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय आहे, तिथल्या माणसाला स्पष्ट सांगा की आईला दिसत नाही, कॅमेऱ्याकडे बघायला शब्दांनी सांगा.